भिजत पडलेले घोंगडे

सामायिकासाठी पहाटे जमिनीवर पसरले जाणारे पांढरे कटासणे ज्या लोकरीचे असते, ती लोकर कोणत्या मेंढीच्या अंगावरून, कोणत्या गावात, कोणाच्या हाताने उतरली, हा प्रश्न व्यापारी घरांतून सहसा विचारला जात नाही. हीच घरे हळद घेताना कांडीचे टोक मोडून आतील रंग पाहतात, तूर घेताना मूठभर दाणे तळहातावर फिरवतात आणि सोन्याचा कस लावल्याविना पेटी उघडत नाहीत. मात्र धर्मोपकरण म्हणून घरात येणारी वस्तू श्रद्धेनेच घेतली जाते व तिचे मूळ विचारणे अनेकांना अप्रशस्त वाटते. श्वेतांबर परंपरेतील साधु-साध्वींचा ओघा, श्रावकाचा चरवळा, स्थानकवासी घरातील पूंजणी, साधूंच्या खांद्यावरची कामळी आणि रात्रीचा संथारा या सर्वांचा धागा अखेरीस मेंढीपर्यंत जातो. दिगंबर परंपरेत मुनींची पिच्छी गळलेल्या मोरपिसांची असल्याने तेथे हा प्रश्न उद्भवत नाही. परंतु हिवाळ्यातील शाल आणि स्वेटर तर सर्वच घरांत आहेत.

हिंगोली जिल्ह्यातील वाचकांना या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा बाजारपेठेत ओळखला जातो तो हळदीसाठी. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु काळी जमीन जेथे विरळ होत जाते आणि मुरमाड माळ सुरू होतात, त्या सेनगाव, कळमनुरी आणि औंढा नागनाथ तालुक्यांच्या उंचवट्यांवर दुसरेच एक अर्थकारण चालते. औंढ्याच्या नागनाथाला किंवा शिरड शहापूरच्या मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनाला जाणाऱ्या गाड्यांना रस्त्यात थांबावे लागते ते पुष्कळदा मेंढरांच्या खांडासाठी. काळी, खाली मान घातलेली, एकमेकींना खेटून चालणारी ही मेंढरे रस्ता ओलांडून जाईपर्यंत गाडीतील मंडळी घड्याळ पाहतात. मागे डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडे आणि हातात काठी घेतलेला हटकर धनगर असतो. त्याचे या भूभागाशी असलेले नाते फार जुने आहे. अकबराच्या काळात लिहिल्या गेलेल्या ‘आईने-अकबरी’त बाशीम, म्हणजे शेजारच्या आजच्या वाशीमच्या वर्णनात, घोडदळ आणि पायदळ बाळगून असलेले मानी लोक म्हणून हटकरांचा उल्लेख येतो. म्हणजे आजच्या अनेक पेढ्या येथे उघडल्या, त्याच्या कितीतरी आधीपासून ही काठी या माळांवर फिरत आहे.

त्याच्यापुढे चालणारी मेंढी ती दख्खनी. दख्खनच्या पठारावर कमी पाणी, खुरटे गवत आणि लांब चाल यांना टिकून राहिलेली ही जात. तिच्यात लोणंद, संगमनेरी, सोलापुरी आणि कोल्हापुरी असे स्थानिक प्रकार मानले जातात. संगमनेरी बहुतांशी पांढरी, इतर बहुधा काळ्या वा काळपट. तिच्या अंगावरील लोकर जाडी असते, तिच्यात लोकरीपेक्षा केसाचा अंश अधिक भरतो. ऑस्ट्रेलियन मेरिनोच्या तंतूची जाडी साधारण २० मायक्रॉनच्या आत असते, गालिच्यासाठी उत्तम मानल्या जाणाऱ्या राजस्थानी लोकरीची ३० ते ४० च्या दरम्यान, आणि दख्खनीची त्याच्याही पुढे. मेरिनो वर्षाला चार-पाच किलो लोकर देते. दख्खनी मेंढी दोन कातरण्या मिळून बहुधा किलोभरही देत नाही. बँकेच्या वा कारखान्याच्या नजरेने पाहिले तर हे उत्पादन नगण्य होय. परंतु ज्या प्राण्याला वर्षभरात विकतचा चारा जवळजवळ मिळतच नाही, त्याच्याकडून वजनकाट्याने किती अपेक्षा करावी, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

कातरणी वर्षातून दोनदा होते. एक पावसाच्या आगेमागे आणि दुसरी पावसाळा सरून थंडी लागल्यावर, असा सर्वसाधारण क्रम. नेमके दिवस वाडा त्या वेळी कोणत्या शिवारात उतरला आहे, यावर ठरतात. आदल्या दिवशी किंवा त्याच्याही आधी मेंढरे ओढ्यात वा नदीच्या डोहात उतरवून धुतली जातात. पाठीवरची धूळ, लेंड्यांचा चिखल, गोखरूचे काटे आणि कुसळी गवताची टोके जितकी निघतील तितकी पाण्यात निघून जातात. पुढे त्यांना स्वच्छ, कोरड्या जागी वाळू द्यावे लागते. ओली लोकर कातरीत नीट येत नाही, आणि तशीच पोत्यात भरली तर आतून तापते व कुजते.

कातरणीच्या सकाळी मेंढी आडवी करून तिचे पाय सैल दोरीने बांधतात. कातरणारा उकिडवा बसतो. त्याच्या उजव्या हातात लोखंडी कातर असते. पण खरे काम डाव्या हाताचे. डाव्या तळव्याने कातडी ताणून धरायची आणि उजव्या हाताने तिला समांतर पाते चालवायचे. कातडी सैल राहिली की तिची घडी पात्यात येते आणि रक्त निघते. काखेची, जांघेची आणि सडांजवळची कातडी कागदासारखी पातळ असते. तेथे सराईत माणूसही घाई करीत नाही. गाभण मेंढीच्या पोटावर भार पडू देत नाहीत. एकाच जागी दुसऱ्यांदा पाते फिरवले तर लोकरीचे बारीक तुकडे पडतात, ते सूत कातायला निरुपयोगी. म्हणून लोकर बुडाशी एकदाच आणि सारखी कापली जावी, अशी कारागिराची धडपड असते. एखादी जखम झालीच तर तीवर लागलीच हळद दाबतात. हळदीच्या जिल्ह्यात ती महाग पडत नाही! पावसाळ्याच्या दिवसांत जखम उघडी राहिली तर माशी बसते आणि दोन दिवसांत तीत अळ्या होतात, म्हणून नंतर आठवडाभर प्रत्येक मेंढीवर लक्ष ठेवावे लागते.

असा कातरणारा दिवसभरात साधारण पंचवीस-तीस मेंढ्या उरकतो. दूरच्या जगात हेच काम कसे चालते, हेही येथे नोंदवण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात १८९२ साली जॅक हाउ नावाच्या कारागिराने यंत्राविना, नुसत्या हातकातरीने, एका दिवसात ३२१ मेंढ्या कातरल्या. त्या विक्रमाची आठवण तेथे आजही अभिमानाने काढली जाते. पुढे यंत्रे आली आणि मेंढीमागे दोन-तीन मिनिटे असा वेग तेथे रोजचा झाला. हिंगोलीच्या माळावर वेगाची गरज तेवढी नाही. येथे कातरणी ही मजुरीपेक्षा सावड अधिक असे. एका वाड्याची कातरणी आली की भाऊबंद, साडू, मेहुणे आपापल्या कातरी घेऊन येत. ज्याची मेंढरे तो जेवण घाली, आणि पुढच्या आठवड्यात तो त्यांच्या वाड्यावर जाई. रोख पैशाचा व्यवहार त्यात फारसा नसे. आता पुढची पिढी शिक्षणासाठी किंवा कामासाठी शहरांकडे गेली, सावड मोडली, आणि कातरणारा मेंढीमागे मजुरी ठरवून बोलवावा लागतो. येथपासूनच हिशेब बिघडतो.

तो हिशेब मांडून पाहावा. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी घेतलेले आहेत. ठिकाण आणि वर्ष यांनुसार ते बदलतात. एका वाड्यात १०० मेंढ्या आहेत, वर्षाच्या दोन्ही कातरण्या मिळून मेंढीमागे ६०० ग्रॅम लोकर निघते, म्हणजे एकूण ६० किलो. एका वेळच्या कातरणीची मजुरी मेंढीमागे १५ रुपये धरली तर दोन वेळांचे ३,००० रुपये झाले. लोकर किलोला १० रुपयांनी गेली तर हाती आले ६००. म्हणजे वर्षाला २,४०० रुपये पदरचे घालून मेंढपाळ लोकर विकतो. खर्च भागायचा तर किलोला ५० रुपये भाव हवा, आणि तोही केवळ मजुरीपुरता. धुणे, वाळवणे, पोती आणि वाहतूक यांचा त्यात पैसाही धरलेला नाही. कोणताही व्यापारी असा माल दुसऱ्या वर्षी काढणार नाही. मेंढपाळाला मात्र तो काढावाच लागतो. लोकर न कातरल्यास मेंढी उन्हाळ्यात धापा टाकते, पावसात भिजलेल्या ओझ्याने गारठते, दाट केसांच्या आडोशाने गोचीड आणि पिसवा वाढतात. त्यामुळे ज्याला बाजार उत्पन्न समजतो, ते त्याच्या वहीत आता औषधपाण्याच्या खर्चाच्या बाजूला बसले आहे. कित्येक वाड्यांवर कातरलेली लोकर बांधाच्या कडेला टाकून दिलेली किंवा जाळलेली दिसते.

एके काळी असे नव्हते. आठवडी बाजारात मेंढपाळ पोते घेऊन दुकानाच्या पायरीशी येई आणि विचारी, “शेठजी, लोकर घेता का? औंदा जावळ बी हाय संगं.” शेठजी गादीवरून न उठता म्हणत, “बसा मामा, आधी पाणी घ्या. जावळ निराळं काढा, मग भाव बोलू.” जावळ म्हणजे कोकराची पहिली कातरण, सर्वांत मऊ आणि म्हणून सर्वांत मोलाची. लोकर तेथून विणकराकडे जाई. सनगर आणि खुटेकर धनगर हे घोंगडे विणणारे समाज. धनुकलीने लोकर पिंजायची, घरातील स्त्रियांनी चरख्यावर सूत काढायचे, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची आणि खड्ड्याच्या मागावर पट्टी विणायची, असा तो क्रम. सातारा जिल्ह्यातील म्हसवड, सोलापुरातील सांगोला आणि कर्नाटकातील चळ्ळकेरे ही नावे या धंद्यात आजही घेतली जातात. या घोंगड्याचे तीन गुण कोणत्याही गिरणीच्या मालाला साधले नाहीत. पावसात डोक्यावर खोळ केली की जाड केसाळ धागा पाणी निथळून टाकतो. ओले झाले तरी त्यात ऊब राहते. आणि रात्री उघड्या माळावर तेच अंथरूण होते. अर्थात पुरते भिजले की ते वाळायला फार वेळ लागतो. मराठीत ‘भिजत घोंगडे’ हा शब्दप्रयोग आला तो यातूनच, आणि लोकरीच्या प्रश्नाला तो आज नको तितका लागू पडतो.

भाव पडण्याची कारणे व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पानिपतच्या गिरण्यांनी जुन्या लोकरी चिंध्यांपासून स्वस्त कांबळी काढली, त्यांच्यामागून ॲक्रिलिक आणि पॉलिएस्टरची रंगीत ब्लँकेटे आली. वजनाला हलकी, रंगाला भडक, घोंगड्याच्या कितीतरी कमी किमतीत. काळ्या लोकरीवर रंग चढत नाही, म्हणून गालिचेवाल्यांनीही पांढरीच मागितली. बारीक लोकर परदेशातून येऊ लागली. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार डिसेंबर २०२२ मध्ये अमलात आल्यावर तेथील कच्च्या लोकरीवरील आयात शुल्कही उरले नाही. देशाचे लोकर उत्पादन २०१८-१९ मध्ये ४ कोटी किलोंच्या वर होते, ते २०२२-२३ मध्ये ३ कोटी ३६ लाख किलोंवर आले. २०१९ च्या पशुगणनेत देशात ७ कोटी ४२ लाखांवर मेंढ्या मोजल्या गेल्या, त्यांपैकी महाराष्ट्रात सुमारे २७ लाख. भागाकार केल्यास देशभरात मेंढीमागे वर्षाला अर्धा किलोही लोकर पडत नाही. मेंढी आहे, पण ती लोकरीसाठी पाळली जात नाही, असा याचा सरळ अर्थ.

मग ती कशासाठी पाळली जाते? लेंडीखतासाठी काही अंशी खरे. सुगी झाल्यावर रिकाम्या शेतात मेंढ्या बसवायच्या आणि रात्रीमागे धान्य किंवा रोख रक्कम घ्यायची, ही पद्धत मराठवाड्यात अजून टिकून आहे, आणि रासायनिक खते महागली तशी तिची पतही वाढली आहे. परंतु मुख्य उत्पन्न आता मांसाचे. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याची माडग्याळ जात गेल्या काही दशकांत सर्वदूर पसरली. ती उंच, वेगाने वाढणारी आणि अंगावर लोकर जवळजवळ नसलेली. कातरणीची कटकट नाही आणि कोकरू लवकर वजन धरते. दख्खनी कळपांत माडग्याळ मेंढे सोडले जातात आणि दोन-तीन पिढ्यांत काळी लोकर दिसेनाशी होते.

शाकाहारी घरांना येथे क्षणभर थांबून विचार करावा लागेल. लोकरीचा भाव पडला याचे दुःख आपल्याला कशाला, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु जनावराच्या आयुष्याची लांबी त्याच्या वहीतील जमेवर ठरते, ही कठोर गोष्ट जमाखर्च लिहिणाऱ्याला तरी कळावी. मेंढी कातरण्यासाठी ती जिवंत हवी. पुढची कातरण हवी असेल तर पुढच्या वर्षीही ती जिवंत हवी. नर कोकरू किंवा वय झालेली मेंढी यांना लोकरीमुळे काही किंमत असे, तेवढी त्यांना आणखी एक-दोन हंगाम ठेवण्याची सवड मालकाला मिळे. ती किंमत शून्यावर आली की नर कोकरू तीन-चार महिन्यांतच बाजारात जाते. लोकरीच्या काळातही मांसाचा व्यवहार होताच, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. धनगराचे घर केवळ लोकरीवर कधीच चालले नाही. परंतु तराजूच्या दुसऱ्या पारड्यात जे थोडे वजन होते, तेही निघून गेले.

शास्त्राने या विषयाकडे दुर्लक्ष केलेले नाही. स्थानांग सूत्राच्या पाचव्या स्थानात साधु-साध्वींना कल्पणाऱ्या रजोहरणाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत पहिला मेंढीच्या लोकरीचा आणि दुसरा उंटाच्या केसांचा. नंतर सण आणि दोन प्रकारची गवते येतात. वस्त्रांच्या यादीतही प्राणिज तंतू आहे. म्हणजे जिवंत प्राण्याला न मारता मिळणाऱ्या लोकरीला आगमकाळापासून स्थान आहे. दुसरीकडे श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांची चर्चा करताना हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात, योगशास्त्राच्या तिसऱ्या प्रकाशात, दंतवाणिज्याची व्याख्या केवळ हस्तिदंतापुरती ठेवली नाही. दात, केस, नखे, हाडे, कातडी आणि रोम ही त्रस जीवांची अंगे व्यापारासाठी उत्पत्तिस्थानी जाऊन घेणे, असा तिचा विस्तार त्यांनी केला. आशय उघड आहे: विकत घेणारा दारात उभा राहिला की पुरवणारा हात अधिक घाई करतो. वापर मान्य, पण व्यापाराच्या हव्यासावर लगाम, असे हे दोन्ही मिळून दिसते. ज्यांना याचा काटेकोर अर्थ हवा त्यांनी तो गुरुमहाराजांनाच विचारावा. सामान्य गृहस्थाला मात्र एवढे कळू शकते की लोकर आणि लोकर यांत फरक असतो, आणि तो फरक न विचारता कळत नाही.

तो फरक पुढीलप्रमाणे. जिवंत मेंढीची कातरलेली लोकर एक, आणि कत्तलीनंतर कातडीवरून चुना वा रसायने लावून उपटलेली लोकर दुसरी. ही दुसरी लोकर बाजारात स्वस्त मिळते आणि हलक्या कांबळ्यांत, सतरंज्यांत सर्रास मिसळली जाते. पांढऱ्या, गुळगुळीत, यंत्राने विणलेल्या कटासण्यात ती नाही, याची खात्री दुकानदारालाही नसते. बारीक, मऊ, महाग लोकरीची गोष्ट निराळी. ऑस्ट्रेलियातील मेरिनोच्या शेपटीखालच्या सुरकुत्यांत माश्या अंडी घालतात, म्हणून कोकरांच्या मागील भागाची कातडीच कापून काढण्याची पद्धत तेथे रूढ आहे. न्यूझीलंडने तिच्यावर २०१८ मध्ये बंदी घातली, ऑस्ट्रेलियात ती अद्याप चालू आहे. हल्ली काही उत्पादक ही पद्धत न वापरता मिळवलेल्या लोकरीची स्वतंत्र हमी देतात. कापडाच्या धंद्यातील वाचकांनी सूटिंगची मागणी नोंदवताना ती हमी मागितली तर त्यांना ती नाकारली जाण्याचे कारण नाही. माळावरच्या दख्खनी मेंढीला असल्या सुरकुत्याच नाहीत. गरिबीचा एवढा एक लाभ तिला झाला. शालींच्या बाबतीत लडाखच्या चांगथांग भागातील शेळीच्या अंगावरून पश्मिना उन्हाळ्याच्या तोंडी विंचरून काढला जातो, शेळी जिवंत राहते. याउलट शाहतूशसाठी तिबेटी हरिण मारावेच लागते. वन्यजीव संरक्षण कायद्याने तिचा व्यापार हा गुन्हा आहे. लग्नाच्या रुखवतात वडिलोपार्जित म्हणून अंगठीतून ओढून दाखवली जाणारी शाल कशाची आहे, हे दाखवण्याआधी तपासलेले बरे.

दख्खनी लोकरीला पुन्हा भाव मिळेल काय? सरकारी यंत्रणा अस्तित्वात नाही असे नव्हे. पुण्याच्या गोखलेनगरात पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे मुख्यालय आहे. १९७८ पासून ते काम करते आणि त्याचे एक प्रक्षेत्र हिंगोलीपासून फार दूर नसलेल्या मुखेडला, नांदेड जिल्ह्यात आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत २० मेंढ्या आणि एक मेंढा अशा गटासाठी ७५ टक्के अनुदान मिळते. या योजनांनी मेंढ्या वाढतील. लोकरीचा प्रश्न मात्र गिऱ्हाईक नसण्याचा आहे, आणि गिऱ्हाईक अनुदानाने निर्माण होत नाही. कर्जाच्या प्रकल्प अहवालांतून लोकरीच्या उत्पन्नाचा एक रकाना परंपरेने भरला जातो. प्रत्यक्षात तो भरून येत नाही हे अर्जदार, शाखाधिकारी आणि तपासनीस या तिघांनाही माहीत असते.

एक दुसरी वाट हिंगोलीतच आहे. लोकर म्हणजे मूलतः प्रथिन; तिच्यात नत्राचा मोठा अंश असतो आणि मातीत ती सावकाश कुजते. युरोप-अमेरिकेत विकता न येणाऱ्या जाड लोकरीच्या गोळ्या करून बागेत खत म्हणून घालतात. त्या पाणीही धरून ठेवतात. हळदीच्या गादीवाफ्यावर पाचट किंवा पाला पसरून आच्छादन करणाऱ्या वसमत-कळमनुरीच्या शेतकऱ्याने बांधावर टाकलेली लोकर दोन-चार वाफ्यांवर पसरून पाहावी, एवढा प्रयोग कोणाच्याही आवाक्यातला आहे. वसमतला हळद संशोधन केंद्र आहे. त्याने असा प्रयोग हाती घेतला तर निष्कर्ष विश्वासाने सांगता येईल. हळदीचे अडते आणि मेंढपाळ यांची ओळख जुनीच आहे. पाच-पन्नास पोत्यांचा व्यवहार ठरला तरी कातरणीची मजुरी निघून जाईल, आणि त्यात कोणाचा जीव जात नाही.

कटासण्यासाठी किंवा बैठकीसाठी ज्यांना खात्रीची लोकर हवी असेल, त्यांनी तयार माल शोधण्यापेक्षा कातरणीच्या आधी विणकराकडे मागणी नोंदवावी. सोबत काही बयाणा द्यावा, कारण लोकर विकत घेण्यापुरतेही भांडवल त्याच्याकडे बहुधा नसते. लोकर कोणत्या वाड्यावरून येणार, हे त्याला विचारावे. हाताने सूत काढणाऱ्या घराला ते सांगता येते. पांढरी हवी असल्यास संगमनेरी मेंढीची मागावी, पण काळ्याला नाही म्हणू नये. तो तिचा स्वतःचा रंग आहे, त्यात रसायन नाही. हातमागाची वीण थोडी विरळ-दाट असणार, कडा अगदी सरळ नसणार, आणि नवी वस्तू काही दिवस टोचणार. धाग्याची शंका आल्यास एक तंतू ओढून जाळून पाहावा: लोकर केस जळल्याचा वास देते व तिची राख बोटांत चुरगळते, ॲक्रिलिक वितळून कडक मणी बनते.

घरी आणल्यावर खळीचा वास जाईपर्यंत दोन-तीन उन्हे द्यावीत. यंत्रात धुऊ नये. लोकर आटते आणि घट्ट होते. कसर लागते ती अंधारात आणि घडी करून ठेवलेल्या लोकरीला, आणि एकदा लागली की ती काढताना जीवहिंसा अटळ होते, म्हणून ती लागूच न देणे हे अधिक सोयीचे. डांबराच्या गोळ्यांऐवजी वाळलेला कडुनिंबाचा पाला घडीत ठेवावा, पंधरा दिवसांनी घडी मोडून झटकावी, आणि पर्युषणाच्या आधी, पावसाने उघडीप दिली की, एक दिवस ऊन दाखवावे. रोज वापरात असलेल्या कटासण्याला एवढेही करावे लागत नाही.